'सी'चं जुनं पुस्तक शेवटपर्यंत कसं न्यायचं: सीमाभागातल्या विद्यार्थ्यांसाठी टप्प्याटप्प्यानं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातली मुलं बीसीएला, डिप्लोमाला किंवा इंजिनिअरिंगला गेली की कुणी ना कुणी त्यांना सांगतंच, "के अँड आर वाच." म्हणजे ब्रायन कर्निहान आणि डेनिस रिची यांचं 'द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज'. सल्ला चांगला आहे. मुलं पुस्तक आणतात, पहिली तीन-चार प्रकरणं वाचतात, पाचव्या प्रकरणात पॉइंटरपाशी (मेमरीतल्या दुसऱ्या जागेचा पत्ता ठेवणारं व्हेरिएबल) अडतात आणि पुस्तक कपाटात जातं. "मला हे जमणार नाही" एवढीच समजूत मागे राहते.

अशा मुलांची वही मागितली तर बहुतेक वेळा वहीच नसते, किंवा असली तर पहिल्या चार प्रकरणांचे स्वाध्याय कोरे असतात. पाचव्या प्रकरणात ५-६ क्रमांकाचा स्वाध्याय आहे. तो सांगतो की आधीच्या प्रकरणांतले प्रोग्राम काढा आणि ॲरेच्या (एकाच प्रकारच्या किमतींची रांग) जागी पॉइंटर वापरून पुन्हा लिहा. ज्यानं आधीचं हातानं लिहिलेलंच नाही, तो तिथं काय पुन्हा लिहिणार? अडचण पाचव्या प्रकरणात दिसते, पण ती पहिल्या प्रकरणात तयार झालेली असते. म्हणून पुढचा सगळा भर तयारीवर आणि क्रमावर आहे.

एक सूचना आधीच: कोडमधली नावं इथं देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना स्पेलिंग पुस्तकातूनच घ्या.

## १. हे पुस्तक आत्ता तुमच्यासाठी आहे का, ते ठरवा

लेखकांनीच प्रस्तावनेत सांगितलंय की हे प्रोग्रॅमिंगची ओळख करून देणारं पुस्तक नव्हे. व्हेरिएबल, लूप, फंक्शन या गोष्टी वाचकाला थोड्याफार माहीत आहेत असं ते धरून चालतात.

तपासा: कोरा कागद घ्या. १ ते १० ची बेरीज करणारा लूप आणि दोन आकड्यांतला मोठा आकडा देणारं फंक्शन, कुठल्याही भाषेत, कशातही न बघता लिहा. पायथॉनमध्ये लिहिलंत तरी चालेल. जमलं तर पुढे चला. नाही जमलं तर आधी कॉलेजचं नेहमीचं पुस्तक एक सेमिस्टर नीट करा आणि मग इकडे या. त्यात कमीपणा काही नाही.

आता प्रत. तुम्हाला १९८८ ची दुसरी आवृत्ती हवी. तिच्या मुखपृष्ठावर 'एएनएसआय सी' असं लाल ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं. पहिली आवृत्ती १९७८ ची. तिच्यात फंक्शन लिहायची रीत जुनी आहे आणि आज ती शिकण्यात अर्थ नाही. एखाद्या सिनियरकडून किंवा जुन्या पुस्तकांच्या दुकानातून घेताना एवढं नक्की बघा.

सावध: अर्ध्या पुस्तकाचं झेरॉक्स घेऊ नका. काटकसर म्हणून मुलं शेवटची परिशिष्टं गाळतात. परिशिष्ट 'बी'मध्ये सगळ्या स्टँडर्ड लायब्ररीचा आढावा आहे आणि दुसऱ्या प्रकरणापासून तो रोज उघडावा लागतो. सगळं पुस्तक तीनशे पानांच्या आत आहे, तेव्हा पूर्णच घ्या.

आणि एका वेळी हे एकच पुस्तक. सोबत व्हिडिओंची मालिका, सोबत आणखी एक जाडजूड ग्रंथ असं केलंत की प्रत्येक अवघड पानावर पळवाट मिळते. कॉलेजची परीक्षा ही वेगळी गोष्ट आहे. परीक्षेच्या महिन्यात हे पुस्तक बाजूला ठेवून नेमलेलं पुस्तक वाचा. दोन्हींची सरमिसळ केली तर दोन्हीकडे नुकसान होतं.

## २. कंपायलर आधी नीट लावून घ्या

कंपायलर म्हणजे लिहिलेला कोड यंत्राला चालवता येईल अशा रूपात बदलणारं सॉफ्टवेअर. काही लॅबमध्ये अजून टर्बो सी या जुन्या कंपायलरवर काम चालतं. तिथं शिकलेल्यांच्या बोटांत 'व्हॉइड मेन', 'कोनिओ' हेडर, 'क्लिअर स्क्रीन' हे सगळं बसलेलं असतं. यातलं काहीही या पुस्तकात नाही. टर्बो सी डॉससाठी बनवलेलं आहे आणि त्यात इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायचा प्रकार, १६ बिटांचा असतो, म्हणजे ३२,७६७ च्या पुढचा आकडा त्यात मावत नाही. ८ चं फॅक्टोरियल, म्हणजे १ ते ८ चा गुणाकार, ४०,३२० असतं. टर्बो सी तिथं −२५,२१६ छापतं. विद्यार्थी आपल्या लूपमध्ये चूक शोधत बसतो आणि लूप तर बरोबर असतो. पुस्तक उघडण्याआधी टर्बो सी बंद करा.

त्याऐवजी:

- लॅपटॉपवर उबुंटू (लिनक्स) असेल तर 'बिल्ड-इसेन्शियल' हे पॅकेज घाला. जीसीसी हा कंपायलर त्यात येतो.
- विंडोज असेल तर डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय, चालू करून त्यात उबुंटू घ्या. पुढे ज्या छोट्या कमांड लागतील त्या सगळ्या तिथं मिळतात.
- लॅपटॉपच नसेल तर फोनवर टर्मक्स हे टर्मिनलचं ॲप घेऊन त्यात क्लँग हा कंपायलर घाला. पहिली चार प्रकरणं फोनवर नक्की होतात. फक्त साधा बाहेरचा कीबोर्ड जोडा. पडद्यावरच्या कीबोर्डवर कंस आणि अर्धविराम शोधण्यातच जीव जातो.

ब्राउझरमधले ऑनलाइन कंपायलर मी सुचवत नाही. या पुस्तकातले अर्धेअधिक प्रोग्राम कीबोर्डवरून किंवा फाइलमधून इनपुट संपेपर्यंत वाचत राहतात, आणि तिथं ते नीट करून बघता येत नाही.

दर वेळी कंपाइल करताना 'डब्ल्यू-ऑल' हा पर्याय लावायचाच. त्यानं कंपायलर शंकास्पद जागा दाखवतो. "वॉर्निंगच तर आहे, चालतंय की" असं म्हणून पुढे जायचं नाही. एकूण एक वॉर्निंग वाचायची आणि घालवायची.

सावध: पुस्तकातला पहिलाच प्रोग्राम जसाच्या तसा टाइप केला तर तुमच्याकडे तो अडेल, अशी बरीच शक्यता आहे. पुस्तकात 'मेन'च्या आधी प्रकार लिहिलेला नाही. त्या काळी न लिहिलेला प्रकार इंट मानला जाई. सी भाषेच्या १९९९ च्या मानकात ती सूट काढली, आणि जीसीसी १४ पासून पुढे व क्लँग १६ पासून पुढे अशी ओळ सरळ एरर देते. तेव्हा 'मेन'आधी इंट लिहा, कंसात व्हॉइड लिहा आणि शेवटी शून्य रिटर्न करा. हा बदल प्रत्येक प्रोग्रामला करायचा आहे. पुस्तक चुकीचं आहे असं समजून ते मिटू नका.

तपासा: 'हॅलो, वर्ल्ड' चाललं की त्यातला अर्धविराम काढा आणि कंपाइल करा. मग अवतरणचिन्ह काढा, मग नव्या ओळीची खूण काढा. दर वेळी कंपायलर काय म्हणतो ते वहीत उतरवा. हाच पुस्तकातला १-१ स्वाध्याय आहे, आणि 'हे काय करायचं' म्हणून सगळ्यांत जास्त गाळला जाणाराही हाच असावा. पुढचे कित्येक महिने तुम्ही एररच वाचणार आहात, तेव्हा त्यांची ओळख इथं करून घ्या.

## ३. वहीची मांडणी

दोनशे पानी आखीव वही घ्या. डाव्या पानावर प्रोग्राम चालवण्याआधीचा अंदाज आणि उजव्या पानावर प्रत्यक्ष काय झालं ते. दोन्हींत फरक पडला तर त्याखाली कारण. एवढंच, पण पेननं लिहायचं. अंदाज पेननं लिहिला की नंतर तो सोयीनं बदलता येत नाही.

आपल्या भागातली बरीच मुलं एसएसएलसीपर्यंत (दहावी) मराठी माध्यमात असतात आणि पीयूसीला (अकरावी-बारावी) एकदम इंग्रजीत जातात. या पुस्तकाचं इंग्रजी सोपं आहे, पण फार आटोपशीर आहे. एक वाक्य गाळलं तर पुढचा परिच्छेद लागत नाही. त्यासाठी उपाय असा: प्रत्येक परिच्छेद वाचून झाला की त्याचा मतलब एका मराठी वाक्यात वहीत लिहा. लूप, ॲरे, पॉइंटर हे शब्द तसेच ठेवा, त्यांना प्रतिशब्द शोधत बसू नका. वाक्य मात्र तुमचं हवं. जिथं ते वाक्य लिहिता येत नाही, तिथं तुम्हाला कळलेलं नाही हे लगेच समजतं आणि तो परिच्छेद पुन्हा वाचता येतो. व्हेरिएबलची नावं रोमन अक्षरांत 'भाव', 'वजन' अशी दिलीत तरी कंपायलरची हरकत नसते.

## ४. एका भागाच्या तीन फेऱ्या

प्रकरण मोठं असतं. काम त्यातल्या एकेका क्रमांकित भागावर करायचं.

पहिली फेरी, कॉम्प्युटर बंद. भाग सलग वाचा. हे खानापूर-बेळगाव बसमध्ये किंवा पॅसेंजरमध्येही होतं. कोड दिसला की थांबून तो काय छापेल याचा नुसता मनाशी विचार करा.

दुसरी फेरी, हातानं टाइप. कॉपी-पेस्ट नाही. टाइप करून झालं की चालवण्याआधी डाव्या पानावर अंदाज लिहा. मग चालवा.

हा अंदाज फारच थोडी मुलं लिहितात, म्हणून एक उदाहरण पूर्ण देतो. पहिल्या प्रकरणात फॅरनहाइटचं सेल्सियस करणारा तक्ता आहे, ० पासून ३०० पर्यंत, २०-२० च्या अंतरानं. पहिल्या ओळीला काय येईल? गणितानं ० फॅरनहाइट म्हणजे −१७.८, तेव्हा बहुतेक जण −१८ लिहितात. प्रोग्राम −१७ छापतो. इंटच्या भागाकारात अपूर्णांक जवळच्या आकड्याकडे जात नाही, तो तुटून पडतो. आता त्यातली सूत्राची ओळ बदला: आधी ५ ला ९ नं भागा आणि मग गुणा. पुन्हा अंदाज लिहा. संपूर्ण रकाना शून्य येतो, कारण ५ भागिले ९ तिथंच ० झालं. पुस्तक हे एका वाक्यात सांगतं, आणि वाचताना ते वाक्य सहज निसटतं. ज्यानं चुकीचा अंदाज पेननं लिहून ठेवलाय, त्याच्या लक्षात ते राहतं.

तिसरी फेरी, मोडून बघणं. चालू प्रोग्राममधली एकच गोष्ट बदला आणि काय होतं ते बघा. एका वेळी एकच. दोन बदलल्या तर कुठल्या बदलानं काय झालं ते कळत नाही.

यासाठी उत्तम जागा म्हणजे भाग १.५, जिथं गेटचारनं एकेक अक्षर वाचून पुटचारनं परत छापलं जातं. तिथं अक्षर ठेवायच्या व्हेरिएबलचा प्रकार इंट दिलेला आहे. अक्षरांसाठी असलेला 'चार' (कॅरेक्टर) हा प्रकार का नाही? बदलून बघा. तुमच्या लॅपटॉपवर बहुधा प्रोग्राम पूर्वीसारखाच चालेल आणि वाटेल की फरक काहीच नाही. फरक आहे. ईओएफ, म्हणजे इनपुट संपल्याची खूण, ही ऋण संख्या असते. ज्या प्रोसेसरवर 'चार' हा प्रकार ऋण संख्या ठेवत नाही, तिथं ईओएफशी तुलना कधीच जुळत नाही आणि प्रोग्राम थांबतच नाही. काही मोबाईल प्रोसेसर याच जातीचे असतात, म्हणून तोच कोड मित्राच्या फोनवरच्या टर्मक्समध्येही चालवून बघा. आणि जिथं 'चार' हा प्रकार ऋण संख्या ठेवतो, तिथं फाइलमध्ये २५५ किमतीचा बाइट आला की प्रोग्राम मध्येच संपतो. एका शब्दाच्या बदलात एवढं दडलेलं असतं. या भागावर एक अख्खी संध्याकाळ द्या.

सावध: याच भागात तीन गोष्टींनी गोंधळ होतो.

- अक्षर दाबल्याबरोबर परत छापलं जाईल असं वाटतं. तसं होत नाही, कारण एंटर दाबेपर्यंत ओळ टर्मिनलकडेच राहते.
- इनपुट संपलं हे सांगायला लिनक्स आणि टर्मक्समध्ये नव्या ओळीच्या सुरुवातीला कंट्रोल-डी दाबायचं. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर कंट्रोल-झेड आणि मग एंटर.
- कंट्रोल-सी दाबू नका. त्यानं प्रोग्राम जागीच मारला जातो आणि शेवटची मोजणी छापलीच जात नाही. बरोबर लिहिलेला प्रोग्राम चुकीचा समजून खोडणारे खूप बघितले; कारण हेच.

पावसाळ्यात खानापूर, जांबोटी, कणकुंबी भागात लाईट जाते ती लवकर येईलच असं नाही. ती वेळ कागदावर प्रोग्राम चालवायला वापरा: प्रत्येक व्हेरिएबलला एक रकाना आणि लूपच्या प्रत्येक फेरीला एक ओळ. शब्द मोजणाऱ्या प्रोग्रामला "आज  पाऊस" हे दोन शब्द, मध्ये दोन स्पेस, असं इनपुट देऊन सगळी आकडेमोड हातानं करा. करंट आला की पडताळा.

## ५. स्वाध्याय

पुस्तकाचा खरा ऐवज स्वाध्यायांत आहे. एकट्या पहिल्या प्रकरणात २४ आहेत. ते गाळून पुढे जाणं हीच मुळातली चूक, म्हणून इथं जरा थांबतो.

पहिला नियम असा की तिथवर पुस्तकानं जे दिलंय, तेवढंच वापरून सोडवायचं. १-९ बघा: लागोपाठ आलेल्या अनेक स्पेसच्या जागी एकच स्पेस छापायची. हा स्वाध्याय येतो तेव्हा इफ शिकवून झालेलं असतं, एल्स अजून आलेलं नसतं, ॲरेही नसतो. ज्यांना आधीपासून थोडं सी येतं ते इथं भलामोठा ॲरे घेऊन सगळी ओळ साठवतात. उत्तर येतं, पण धडा हुकतो. आधीचं अक्षर कुठलं होतं एवढं एका व्हेरिएबलमध्ये लक्षात ठेवलं की काम होतं, आणि हीच कल्पना पुढच्याच भागातल्या शब्दमोजणीत 'आपण शब्दाच्या आत आहोत की बाहेर' या रूपानं येते. स्वाध्यायांचा क्रम विचारानं लावलेला आहे.

दुसरा नियम वेळेचा. एका स्वाध्यायाला सलग पाऊण तास द्या. सुटला नाही तर वही मिटा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा. दुसऱ्या दिवशीही नाही सुटला तर कुणाला तरी फक्त पुढची पायरी विचारा. पूर्ण उत्तर मागू नका, मग ते मित्र देवो की चॅटबॉट. उत्तर वाचताना सगळं पटतं, आणि पटलं म्हणजे आलं असं वाटतं. दोन दिवसांनी कोऱ्या फाइलमध्ये तेच लिहायला घेतलं की खरं काय ते कळतं.

डोनाल्ड क्नूथ यांनी 'द आर्ट ऑफ कम्प्युटर प्रोग्रॅमिंग'मध्ये प्रत्येक स्वाध्यायाला ० ते ५० मधला आकडा दिलाय. १० म्हणजे मिनिटाभराचं काम, २० म्हणजे पंधरा-वीस मिनिटांचं, ३० म्हणजे दोन तासांहून जास्त, आणि ५० म्हणजे अजून कुणाला न सुटलेला प्रश्न. कर्निहान-रिचींच्या पुस्तकात असे आकडे नाहीत, म्हणून स्वाध्याय झाला की समासात तुमचा आकडा तुम्हीच लिहा. पुढच्या वेळी किती वेळ काढून बसायचं याचा अंदाज येत जातो, आणि दोन तास लागले म्हणजे आपण मंद आहोत अशी समजूतही उरत नाही.

पहिल्या वाचनात सगळेच करायला हवेत का? पहिल्या प्रकरणातले १-२३ पर्यंतचे सगळे करा. १-२४, म्हणजे सी प्रोग्राममधले न जुळलेले कंस वगैरे शोधणं, नंतर केलात तरी चालेल. पुढच्या प्रकरणांत प्रत्येक भागातला निदान एक करा. पण १-१९, म्हणजे ओळ उलटी करणारं रिव्हर्स फंक्शन, कुठल्याही परिस्थितीत गाळू नका. ते पाचव्या प्रकरणात तुमची वाट बघत असतं.

सावध: भाग १.९ मध्ये पुस्तकानं एका फंक्शनला गेटलाइन नाव दिलंय. पुढे याच नावाचं फंक्शन पॉसिक्स या युनिक्स-लिनक्सच्या मानकात आलं, त्यामुळे तुमच्या कंपायलरवर दोन्हींची टक्कर होऊन एरर येते. तुमच्या फंक्शनचं नाव बदला आणि पुढे चला.

## ६. तपासणी: "चाललं" म्हणजे बरोबर नव्हे

१-११ स्वाध्यायात कोड लिहायचाच नाही. शब्द मोजणारा प्रोग्राम कसा तपासाल, कुठल्या इनपुटला तो चुकू शकेल, एवढंच विचारलंय. कोड नाही म्हणून मुलं तो सोडून देतात. माझ्या मते पहिल्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा स्वाध्याय हाच.

एक फोल्डर करून त्यात कायमच्या तपासणीच्या फाइली ठेवा: एक पूर्ण रिकामी, एक नुसत्या स्पेस आणि टॅबची, एक जिच्या शेवटी नवी ओळ नाही, एक ज्यात एकच खूप लांब ओळ आहे, आणि एक मराठी मजकुराची. प्रत्येक स्वाध्याय या सगळ्यांवर चालवा.

शब्दमोजणीचा प्रोग्राम म्हणजे युनिक्सच्या 'डब्ल्यूसी' कमांडचं लहान रूप आहे. डब्ल्यूसी तुमच्या लिनक्सवर आणि टर्मक्सवर असतेच. तीच फाइल दोन्हींना द्या आणि ओळी, शब्द, अक्षरं हे तिन्ही आकडे ताडून बघा. पडताळा घ्यायला दुसरं कुणी लागतच नाही.

मराठी फाइलनं मात्र एक मोठी गोष्ट कळते. अक्षरं मोजणारा प्रोग्राम चालवा, 'बेळगाव' लिहा, एंटर दाबा, मग कंट्रोल-डी. डोळ्यांना चार अक्षरं दिसतात. उत्तर १९ येतं. ब, एकाराची मात्रा, ळ, ग, काना, व अशी सहा चिन्हं. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे चिन्हं बाइटांत साठवायच्या पद्धतीत, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे १८. आणि एक नव्या ओळीचा. यूटीएफ-८ पद्धत १९९२ ची, पुस्तक तिच्या आधीचं. पुस्तक ज्याला कॅरेक्टर म्हणतं तो एक बाइट आहे. डब्ल्यूसीला 'एम' पर्याय दिला तर ती ७ सांगते, 'सी' पर्याय दिला तर १९.

तपासा: आता १-१३ स्वाध्याय, म्हणजे शब्दांच्या लांबीचा आलेख, मराठी फाइलवर चालवा. शब्दांची संख्या बरोबर येते, कारण शब्द स्पेसवर तुटतात. लांब्या चिन्हांच्या तिप्पट येतात. का, ते वहीत चार ओळींत लिहिता आलं तर पहिलं प्रकरण झालं असं समजा.

## ७. पाचवं प्रकरण

इथं वेग निम्म्यावर आणा. प्रत्येक उदाहरणाला कागदावर चौकोन काढायचे: चौकोनाच्या वर पत्ता, आत किंमत, खाली नाव. पत्ते काल्पनिक चालतात, १०००, १००४ असे. पॉइंटरच्या चौकोनात दुसऱ्या चौकोनाचा पत्ता लिहा. बाण काढलात तरी पत्त्याचा आकडाही लिहाच. नुसत्या बाणांनी 'पॉइंटरमध्ये एक मिळवला' म्हणजे नेमकं काय झालं हे कळत नाही.

भाग ५.२ मधलं अदलाबदल करणारं स्वॅप फंक्शन आधी पॉइंटरशिवाय लिहा, ते काम करत नाही हे बघा, आणि भाग १.८ उघडून कारण पुन्हा वाचा. मग पॉइंटरनं लिहा. भाग ५.५ मध्ये स्ट्रिंग (अक्षरांची माळ) कॉपी करणारं एकच फंक्शन पायरीपायरीनं लहान होत जातं. शेवटचं रूप सुंदर आहे, पण ते पाठ करू नका. प्रत्येक रूप टाइप करा, आणि मागच्या रूपातून पुढचं कसं निघालं ते वहीत लिहा.

त्याच भागात ॲरेतली स्ट्रिंग आणि पॉइंटरनं दाखवलेली स्ट्रिंग यांतला फरक आहे. दोन्हींचं पहिलं अक्षर बदलून बघा. लिनक्सवर दुसरी बदलायला गेलं की प्रोग्राम साधारणपणे सेगमेंटेशन फॉल्ट (मनाई असलेल्या मेमरीला हात लावल्याची एरर) देऊन पडतो.

या प्रकरणापासून कंपाइल करताना ॲड्रेस सॅनिटायझर हा मेमरी तपासणारा पर्याय लावा. ॲरेच्या बाहेर पाऊल पडलं की तो ओळ क्रमांकासकट सांगतो. ओळ क्रमांक दिसायला 'जी' हा पर्यायही सोबत लागतो. पुस्तक लिहिलं गेलं तेव्हा ही सोय नव्हती. आज आहे तर वापरा.

मग ५-६ करा. आधीची फाइल उघडा, नवी करा, पॉइंटरनं लिहा आणि जुन्याच तपासणीच्या फाइलींवर चालवा.

## ८. पुस्तकातलं काय आज वापरायचं नाही

यादी छोटी आहे.

- सातव्या प्रकरणात ओळ वाचणाऱ्या गेट्स या फंक्शनचा उल्लेख आहे. किती अक्षरं घ्यायची ते त्याला सांगताच येत नाही. २०११ च्या मानकातून ते काढून टाकलं. एफगेट्स वापरा.
- आठवं प्रकरण युनिक्सचं आहे. ते लिनक्स किंवा डब्ल्यूएसएलवर करा. डिरेक्टरीची यादी करणारा प्रोग्राम आजच्या यंत्रावर तसाच चालत नाही. तो वाचा आणि पुढे चला.
- सहाव्या प्रकरणातला शब्दांची वारंवारता मोजणारा प्रोग्राम मराठी शब्द मोजतच नाही. तो टाकून देऊ नका. का मोजत नाही ते शोधा. उत्तर 'इज-अल्फा' या अक्षर ओळखणाऱ्या फंक्शनमध्ये आहे.

## ९. प्रत्येक प्रकरणानंतर घरचा एक प्रोग्राम

पुस्तकातली उदाहरणं अक्षरं आणि ओळींची आहेत. ती हातात बसली की नाही हे कळायला आपल्या भोवतालचा प्रश्न घ्या. गावच्या डेअरीचं दूध संकलन चांगलं. पहिल्या प्रकरणानंतर: दर ओळीला लिटर आणि दर, शेवटी एकूण रक्कम. चौथ्यानंतर: तोच प्रोग्राम फंक्शनांत तोडलेला. सहाव्यानंतर: प्रत्येक उत्पादकाचं एक स्ट्रक्चर, त्यात सकाळ-संध्याकाळचं दूध आणि फॅट. सातव्यानंतर: सगळं फाइलमधून वाचणारा. घरात ऊस असेल तर काट्याच्या पावत्या घ्या, निपाणीकडे तंबाखूची वजनं घ्या. प्रश्न एकच ठेवा आणि तोच वाढवत न्या.

सावध: रुपये-पैशाची बेरीज फ्लोटमध्ये (दशांश संख्यांचा प्रकार) करू नका. सगळं पैशांत, पूर्णांकात ठेवा आणि छापताना रुपये करा. डेअरीच्या हिशेबात दहा पैशांचा फरकही कुणी ऐकून घेत नाही.

## १०. आठवड्यातून एकदा चौघांनी बसा

कुणाच्या घरी, वाचनालयात, कॉलेजच्या रिकाम्या वर्गात, कुठंही. लॅपटॉप बंद. प्रत्येकानं एक स्वाध्याय फळ्यावर किंवा कागदावर मांडायचा आणि बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे: "इथं फाइल रिकामी असली तर?" "हा लूप थांबतो हे कशावरून?" गटात कन्नड बोलणारा मित्र असेल तर त्याला त्याच्या भाषेत मांडू द्या, कोड सगळ्यांना वाचता येतो. ज्याचा स्वाध्याय झालेला नाही, त्यानंही यायचं आणि कुठं अडलं ते मांडायचं. अडलेली जागा नेमकी दाखवता येणं हेच अर्धं उत्तर असतं.

## ११. यानंतर कुठलं पुस्तक

आठ प्रकरणं झाली की पंधरा दिवस नवं पुस्तक घेऊ नका. १-१८ ते १-२२ हे स्वाध्याय जुन्या फाइली न उघडता पुन्हा लिहा आणि नव्या-जुन्या उत्तरांची तुलना करा.

मग एबलसन आणि ससमन यांचं 'स्ट्रक्चर अँड इंटरप्रिटेशन ऑफ कम्प्युटर प्रोग्रॅम्स' घ्या. त्याची १९९६ ची दुसरी आवृत्ती प्रकाशक एमआयटी प्रेसनंच इंटरनेटवर मोफत खुली केली आहे, म्हणजे खर्च नाही. त्यातली प्रोग्रॅमिंगची भाषा स्कीम आहे. त्यासाठी रॅकेट हे सॉफ्टवेअर घेऊन त्यात 'एसआयसीपी' (या पुस्तकाच्या नावाची आद्याक्षरं) पॅकेज घाला. उदाहरणांत गणित जास्त आहे. पीयूसी सायन्सचं गणित झालेल्याला पहिलं प्रकरण पेलतं. कॉमर्सकडून बीसीएला आलेल्यांनी पहिल्या प्रकरणातले कॅल्क्युलसचे स्वाध्याय सोडले तरी पुढचं अडत नाही. वही तीच, डावं-उजवं पानही तसंच. तपासणीच्या फाइलींचा फोल्डर मात्र या पुस्तकासाठी नवा करावा लागेल, कारण इथले प्रोग्राम फाइली वाचत नाहीत. फंक्शनला दिलेल्या किमती आणि अपेक्षित उत्तरं यांची यादी त्यात ठेवा.